तिसरी फेरी

सरांनी कधी वांगी निवडून घेतली नाहीत. भोरच्या आठवडी बाजारात ते ढिगापुढे बसायचे, मान वळवून भलतीकडे बघायचे आणि हाताला येईल ते वांगं पिशवीत टाकायचे. किडकं आलं तर किडकं. भाजीवाल्या मावशी वैतागायच्या.

"आवं मास्तर, बघून घ्या की! लोकं म्हनत्याल, म्या तुमाला किडकी घातली."

"मावशी, मी बघून घेतली तर मला तुमचा ढीग कळायचा नाही. माझी आवडच तेवढी कळेल."

मावशींना हे काही पटलं नाही. एका बाजाराला त्यांनीच चांगली चांगली बघून सरांची पिशवी भरून ठेवली. सर पिशवीत डोकावून बराच वेळ उभे राहिले. "आता ही वांगी ढिगाची राहिली नाहीत," असं म्हणाले. "ऱ्हाऊ द्यात. खावा आता गप!" मावशी म्हणाल्या.

हे मला समीरनं सांगितलं. समीर माझ्या वर्गातला, सारोळ्याचा. पुलाजवळ त्याच्या वडिलांची रसवंती आहे. सरांची नक्कल त्याच्याइतकी कुणाला जमायची नाही. आता वर्गात कधी तास मोकळा असला की कुणीतरी म्हणतं, "सम्या, सर कर की." तो पहिल्यासारखा करत नाही. खिडकीबाहेर बघतो नि म्हणतो, "जाऊ दे."

सरांचं नाव मी लिहीत नाही. नाव दिसलं की आपण ओळखीचं निवडतो, असं ते म्हणायचे. यादीतली नावं झाकून फक्त नंबर उघडे ठेवायचे. त्यांच्याबद्दल लिहिताना त्यांचंच ऐकावं असं वाटलं.

ते आम्हाला संख्याशास्त्र शिकवायचे. तासिका तत्त्वावर होते. म्हणजे काय ते तेव्हा आम्हाला नीट माहीत नव्हतं. सर इतर सरांसारखेच सर, असं आम्ही धरून चाललो होतो. दर वर्षी त्यांना पुन्हा बोलावलं तर ते येणार, नाहीतर नाही, हे नंतर कळलं.

त्यांच्या झोळीत बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असायचा. त्यात चिंचोके. प्रत्येक चिंचोक्यावर पांढऱ्या नेलपॉलिशनं नंबर घातलेला. एकट्या माणसाकडे नेलपॉलिश आली कुठून, यावर आम्हा मुलींमध्ये खूप चर्चा झाली. सर डबा खळखळवायचे, न बघता एक चिंचोका काढायचे आणि ज्याचा नंबर निघेल त्यानं उत्तर द्यायचं. खानावळीत भाजी कोणती घ्यायची, एसटीत कुठल्या बाजूला बसायचं, तेही चिंचोक्यावर. खानावळीतले काका म्हणायचे, "तुमच्या चिंचोक्याला आमची शेपूची भाजी लई आवडती बघा."

मी तेव्हा शेवटच्या बाकावर बसायची. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली. वर्गात काय बोलायचं असतं, कसं बोलायचं असतं, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. इतर तासांना माझं बरं चालायचं. शिकवणारे पुढच्या बाकांकडे बघून विचारायचे, पुढचे उत्तर द्यायचे आणि तास संपायचा. या डब्यापुढे मात्र लपायला जागा नव्हती. एके दिवशी चौदा नंबर निघाला. मी उभी राहिले. प्रश्न सोपा होता. पण माझ्या तोंडून शब्द निघेना.

पुढून एक मुलगा म्हणाला, "सर, मी सांगू?"

"तुझा नंबर निघाला का?"

"नाही सर."

"मग बस."

आणि सर थांबले. नुसते थांबले. त्यांनी फळा पुसला नाही, घड्याळ बघितलं नाही, मला "घाबरू नको" असंही म्हणाले नाहीत. वर्गात पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मला वाटलं, आता म्हणतील, बस खाली. त्यांनी म्हटलंच नाही. शेवटी मी बोलले. काय बोलले आठवत नाही, अर्धं चुकलंच असेल. सर म्हणाले, "हं," आणि पुढचा चिंचोका काढला. माझ्यासाठी तोवर कुणी इतकं थांबलं नव्हतं. एसटीसुद्धा नाही.

नमुना निवडायच्या पद्धती शिकवायच्या आधी त्यांनी आम्हाला आपापल्या गावाचा नकाशा काढायला लावला. समीरनं हायवे काढला, पूल काढला, रसवंती काढली आणि म्हणाला, "झालं सर." मी विंझरचा काढला. वेल्ह्याला जाणारा रस्ता, दुकानं, देऊळ, शाळा, गावठाणातल्या आळ्या. नीट पट्टीनं काढला होता.

सरांनी तो हातात घेतला. "छान आहे. तुझं घर कुठंय यात?"

मी बोट ठेवायला गेले आणि मला जागा सापडेना. आमचा बौद्धवाडा गावाच्या खालच्या अंगाला आहे. शाळेत लहानपणापासून गावाचा नकाशा काढत आले होते, आणि तो शाळेपाशीच संपायचा. मी तसाच काढला होता. माझं स्वतःचं घर मी गावात काढलं नव्हतं. मला फार शरम वाटली. मी कागदाच्या खाली, बाकावर बोट ठेवलं. "इथं येतं, सर."

मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलतील. ते टेबलाशी गेले, एक कोरा कागद आणि डिंकाची बाटली घेऊन आले आणि माझ्या नकाशाला खालून तो कागद चिकटवला. "कागद पुरला नाही," एवढंच म्हणाले. मग ओला डिंक वाळेपर्यंत तिथंच फुंकर घालत उभे राहिले.

नंतर त्यांनी तो नकाशा फळ्याला लावला आणि त्याच्यावरून सगळ्या पद्धती शिकवल्या. सगळ्या घरांचे चिंचोके एका डब्यात टाकून काढले तर साधी यादृच्छिक. डब्यातून पहिलं घर काढून पुढे ठरावीक अंतरानं एकेक घर घेत गेलं तर क्रमबद्ध. गावठाण, बौद्धवाडा, वरची धनगरवस्ती असे भाग आधी पाडून प्रत्येक भागातून काढले तर स्तरित. आणि देवळाच्या पारावर जे बसलेत त्यांनाच विचारून घरी आलं तर ती सोयीची. "सोयीची" हा सरांच्या तोंडी शिवीसारखा शब्द होता. समीरला उशीर झाला की म्हणायचे, "या, सोयीस्कर."

गावात फाईली घेतलेली माणसं आल्याचं आम्ही वाड्यात कधीतरी ऐकायचो. ती यायची, पारावर बसायची, चहा घ्यायची आणि जायची. आमच्याकडे येत नसत याचं आम्हाला काही वाटायचंही नाही. सरांनी तो कागद चिकटवल्यावर पहिल्यांदा वाटलं.

सेकंड इयरला आम्ही कामथडीत पाहणी केली. प्रश्न एकच होता. या घरात सगळ्यात जास्त कोण शिकलंय, आणि त्यानं शाळा कुठं सोडली? सकाळी हायवेला उतरल्यावर समीर म्हणाला, "सर, हितंच टपरीपाशी थांबू. गावातली सगळी हितंच येत्यात. वडापाव खात खात होऊन जाईल."

"टपरीवर टपरीवरची माणसं भेटतात, समीर."

"मग आमी कुठली माणसं शोधायला आलोय?"

"ज्यांना टपरीवर बसायला वेळ नाही ती."

आम्ही घरांना खडूनं नंबर घातले, डब्यातून पहिलं घर काढलं आणि मोजत मोजत निघालो. एक घर निघालं ते पार शेताकडच्या टोकाला. दाराला कुलूप. समीर घामानं भिजला होता. शेजारच्या काकू ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. तो म्हणाला, "सर, या काकूंना इचारतो ना. दहा पावलांचा तर फरक. चहाबी देनार हैत."

"काकूंचा चहा पी. उत्तर घेऊ नको."

"का पण?"

सर ओट्याच्या कडेला बसले. "काकू आत्ता घरी आहेत. ते घर आत्ता घरी नाही. दोन्ही सारखे असते तर दोन्ही घरी असते." मग त्यांनी नियम सांगितला. बंद घरी तीन फेऱ्या मारायच्या. तिन्ही वेगळ्या वेळी. दुपारी, संध्याकाळी, आणि सकाळी लवकर. तिसऱ्या फेरीलाही कुलूप असलं तरच त्यापुढे 'बंद' लिहायचं. "बंद दार म्हणजे नाही असं नसतं. आत्ता नाही, एवढंच असतं."

काकू हे ऐकत होत्या. "आवं, ती सकाळच्या पारीच हाटेलात जाती भांडी घासायला. तुमाला कशी घावायची?"

"मग आम्ही सकाळच्या पारीच्या आधी येतो," सर म्हणाले.

संध्याकाळी पुन्हा कुलूपच होतं. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता सर, समीर आणि मी त्या दारात उभे होतो. बाई पदर खोचून, चप्पल घालून निघालेल्या. आम्हाला बघून दचकल्या.

"कोन पायजे? चुकून तर न्हाई आला?"

"चुकून नाही बाई, चिठ्ठीत तुमचं घर निघालंय," सर म्हणाले.

"म्हंजी बक्षीस लागलं व्हय?"

समीर हसला. सर हसले नाहीत. "बक्षीस नाही. एक प्रश्न आहे. सांगायचं नसेल तर नाही म्हणा."

"मंग शेजारनीला इचारायचं की. ती रिकामी असती."

"विचारता येत नाही ना. तुमच्या जागी दुसरं कुणी चालत नाही."

बाई थबकल्या. हातातली पिशवी त्यांनी खाली ठेवली. त्या सातवीपर्यंत शिकल्या होत्या. त्या घरात सगळ्यात जास्त त्याच. शाळा का सुटली ते त्यांनी इतकं सविस्तर सांगितलं की त्यांना कामाला उशीर झाला, आणि समीरनं ओळखीच्या टेम्पोवाल्याला हात करून त्यांना हॉटेलापर्यंत सोडायला लावलं. जाताना त्या टेम्पोतून ओरडल्या, "सातवी पास लिवा! नापास लिवू नका!"

त्याच वर्षी पावसाळ्यात आईचा हात मोडला. खाचराच्या बांधावरून पाय घसरला. लावणीचे दिवस होते. बाबा गवंड्याच्या हाताखाली जातात, त्यांना घरी बसता येणार नव्हतं. मी कॉलेजला जायची थांबले. आधी वाटलं, आठवडाभर. मग लावणी झाली, तरी मी घरीच. चुलतभाऊ म्हणाला, हायवेच्या कंपनीत पॅकिंगला पोरी घेतायत. बाबा म्हणाले, "बघू." आमच्याकडे "बघू" म्हणजे ठरलंच. मला बोलायला वेळ लागतो, आणि घरात तेवढा वेळ कुणाकडे नव्हता.

एके दिवशी खाचरातून आलो तर शेजारची आत्या म्हणाली, "झोळीवालं कुनीतरी आलंतं. कुलूप बघून गेलं." मला कळलं. पुढच्या आठवड्यात आईला दवाखान्यात नेलं होतं, परत येईतो दिवस मावळला होता. आत्या पुन्हा म्हणाली, "त्येच आलंतं. पानी पिऊन गेलं." त्या दिवसापासून मी सकाळी लवकर उठायला लागले. एवढ्या लांब ते पुन्हा येतील असं मला वाटत नव्हतं. तरी मी लवकर उठून अंगण झाडून ठेवायची.

पहिल्या एसटीनं आले. झोळी भिजलेली, चपला चिखलानं जड झालेल्या. बाबा उंबऱ्यावर मिश्री लावत बसले होते. ते चूळ भरून उठले आणि त्यांनी खुर्ची पुसून दिली. मी चुलीवर भात टाकला होता. तिथूनच ऐकत होते.

सर म्हणाले, "ही वर्गात दिसत नाही."

"घरची आडचन हाये, मास्तर. हिची आई अशी."

"हो. कळलं."

"आन एक इचारू का? वर्गात एवढी पोरं हैत. एक न्हाई आली तर तुमचं काय आडतंय?"

"तेच सांगायला आलोय. हिच्या जागी दुसरं कुणी बसवता येत नाही मला."

बाबांनी बराच वेळ पायाखालची माती बोटानं कोरली. माझ्याकडून चिंचोक्यांच्या डब्याच्या गमती त्यांनी ऐकल्या होत्या. ते एकदम म्हणाले, "तुमी म्हनं समदं चिट्टीवर ठरीवता. मंग टाका चिट्टी. कालेज निघालं तर कालेज, कंपनी निघाली तर कंपनी. माझं काय म्हननं न्हाई."

आईनं माझ्याकडे बघितलं. डबा सरांच्या झोळीतच होता. खळखळला की तो आवाज मला झोपेतही ओळखू आला असता. ज्या माणसानं भाजीसुद्धा स्वतः ठरवली नाही, तो आता काय करणार हे मला माहीत होतं, असं मला वाटलं. मी मनात म्हणत होते, काढा सर, काढा. आणि नका काढू, असंही म्हणत होते.

सरांनी झोळी उचलून खुर्चीमागे ठेवली. "नाही. आपल्याला माहीत नसतं तेव्हा चिठ्ठी टाकायची. हे मला माहीत आहे."

"काय म्हाईत हाये?"

"हिनं शिकायचं, हे."

ते मोठ्यानं बोलले नाहीत. फळ्यावर उत्तर लिहावं तसं बोलले. मग आईच म्हणाली, "माझा दुसरा हात काय मोडलेला न्हाई. भाकरी थापायला येत न्हाई, भात तर टाकता येतो." आणि त्याच वेळी तिला वास आला. "आगं बया, तळ लागला!"

तळ लागला होता आणि वरचा भात कच्चा होता. घरात दुसरं काही नव्हतं. मी मेल्याहून मेल्यासारखी होऊन सरांना वाढलं. त्यांनी वरचा खाल्ला, मग करपलेला मागून घेतला. बाबा म्हणाले, "मास्तर, ऱ्हाऊ द्या त्यो." सर म्हणाले, "वर कच्चा, खाली करपलेला. सरासरी उत्तम आहे." बाबांना ते समजलं की नाही कोण जाणे, पण कित्येक दिवसांनी ते हसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "यष्टीची येळ झाली. आवर की."

एसटीत चढताना सरांनी चिंचोका काढला आणि मागच्या उजव्या बाजूला जाऊन बसले. मी पुढे बसले. चेलाडी फाट्याला गाडी बदलताना ते एवढंच म्हणाले, "तुझा एक पाठ बुडालाय. समूह नमुना. समीरकडून घे. पण त्याची उदाहरणं सगळी रसवंतीची असतील."

पुढच्या वर्षी सर आले नाहीत. त्यांच्या तासाला दुसऱ्या मॅडम आल्या. त्या चांगलं शिकवतात. कुणी म्हणालं, सरांना पुन्हा बोलावलं नाही. कुणी म्हणालं, दुसऱ्या तालुक्यात मिळालं. त्यांचं मूळ गाव कोणतं हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं. एकदा समीरनं विचारलं होतं, तर म्हणाले होते, "नमुना कुठला ते विचारतात. घेणाऱ्याला कोण विचारतं?" मोबाईल लागत नाही.

भोरला नदीकडच्या गल्लीत, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत ते राहायचे. यंदा माझं शेवटचं वर्ष. पुण्याला एमएस्सीला अर्ज करायचं ठरलं तेव्हा पहिल्यांदा सरांना सांगावंसं वाटलं, म्हणून दुपारी तास संपल्यावर गेले. वर कुलूप. नंतर एकदा संध्याकाळी गेले. कुलूप. गिरणीच्या चाची पीठ झटकत बाहेर आल्या. "सामान हाये, मानूस न्हाई. मधनंच येतो नि जातो. कधी येतो, कधी जातो, आमाला पत्त्या लागत न्हाई बघ बेटा." खिडकीच्या गजाला त्यांची जुनी झोळी वाळत घातली होती. पिठानं पांढरी झालेली.

त्यानंतर मी गेले नाही. रोज भोरला उतरते. स्टँडवरून ती गल्ली दिसते. मी सरळ कॉलेजला जाते. तिसरी फेरी राहिली आहे, सकाळची. ती मारली आणि कुलूपच असलं तर त्यांच्याच नियमानं मला त्यांच्यापुढे 'बंद' लिहावं लागेल. फेरी शिल्लक ठेवली की ते फक्त आत्ता घरी नाहीत, एवढंच राहतं. मला तेवढं पुरत होतं. निदान मी तसं धरून चालले होते.

काल बाबा उंबऱ्यावर मिश्री लावत बसले होते. पहिली एसटी हॉर्न देऊन गेली. त्यांनी विचारलं, "मास्तर घावला का गं?"

"दोनदा गेले. कुलूप होतं."

"मंग?"

"तिसऱ्यांदा पण कुलूप असलं तर, बाबा?"

त्यांनी चूळ भरली, तोंड पुसलं. "आसलं तर आसलं. त्याला तरी कुठं म्हाईत हुतं, आपलं दार उगडं आसंल म्हनून."

उद्या पहिल्या एसटीनं जाणार आहे. दार उघडलं तर काय बोलायचं ते ठरवायला बसले होते, पण एकही वाक्य धड जुळत नाही. आता ते सोडून दिलंय. दारात उभी राहीन. बोलायला वेळ लागेल. सर थांबतील.